मधपेट्यांना सावली शोधताना

आमच्या घरी मधमाशांच्या पेट्या आल्या त्या वर्षी घरात आम्ही दोघीच बायका राहत होतो, मी आणि माझी मोठी जाऊ. त्यांना मी बाई म्हणते. उमरेडच्या पुढे कोळशाची खाण मागे टाकून आत वळलं की आमचं गाव लागतं. बाईंचे मालक, म्हणजे माझे मोठे दीर, खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवायचे. त्यांना कावीळ झाली, ती त्यांनी अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. माझा नवराही त्याच ठेकेदाराकडे होता. ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली, आणि माझा नवरा तेलंगणात रस्त्याच्या कामावर निघून गेला. कधी त्याचा फोन यायचा, कधी महिना महिना नाही.

मालक गेल्यापासून बाईंनी बोलणंच सोडलं होतं. रडणं नव्हतं, भांडण नव्हतं. सकाळी अंगण झाडायच्या, भाकरी टाकायच्या आणि मग भिंतीला टेकून बसायच्या. काही विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’. मी मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलायची, निदान रागावून तरी बोलतील म्हणून. त्या नुसत्या माझ्याकडे बघायच्या. दोघींनाही मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात दिवसभर आवाज म्हणजे भांड्यांचा.

ग्रामपंचायतीत सांगितलं गेलं की गावातल्या बायकांसाठी मधमाशीपालनाची योजना आली आहे, शिकवणार सरकार, पेट्या देणार सरकार, मधही सरकारच विकत घेणार. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. माझं माहेर उमरेडच्या विणकरांचं. वडिलांच्या मागावर लुगडी विणली जात असताना मी मोठी झाले, आणि तोच माग एक दिवस सुटा करून माळ्यावर टाकलेलाही पाहिला. वडील नंतर एका शाळेत चौकीदार झाले. त्यांच्याही वेळी योजना होत्याच. पण शेती आमची नावापुरती, रोजगार हमीचं काम वर्षातून थोडंच निघायचं, आणि आमच्याकडे दुसरं काय होतं? एकटी गेले असते तर मागे बाई जेवल्या नसत्या, म्हणून त्यांचंही नाव लिहून घेतलं आणि हाताला धरून त्यांना नागपूरला घेऊन गेले.

प्रशिक्षण एका मोठ्या आवारात होतं. आत कडुनिंबाची जुनी झाडं होती आणि त्यांच्याखाली पेट्या मांडलेल्या. शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला, कंत्राटी नोकरीवर होता. आम्ही त्याला सर म्हणायचो आणि तो आम्हाला ताई. त्याने पेटीचं झाकण उघडलं तेव्हा सगळ्या बायका पदर तोंडावर घेऊन मागे सरल्या. मीही सरले. बाई मात्र पुढे गेल्या. सरांनी हातमोजे पुढे केले तेही त्यांनी घेतले नाहीत. माशांनी भरलेल्या चौकटीवर त्यांनी तळहात अलगद धरला, टेकवला नाही, फक्त धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लहाने, हात लावून पाह्य. गरम हाये.”

किती काळाने त्या आपणहून काही बोलल्या होत्या. मी माशा बघितल्याच नाहीत, बाईंच्या तोंडाकडेच बघत राहिले.

सरांनी काही लपवलं नाही. ते म्हणाले, “ताई, हिवाळा सोपा आहे. आपल्याकडचा उन्हाळा अवघड. एप्रिलपासून रानात फूल राहत नाही आणि ऊन या माशांना झेपत नाही. तेव्हा पेट्या जिथे फुलोरा आहे, पाणी आहे, तिथे हलवाव्या लागतात. त्यासाठी योजनेतून गाडी येईल.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी येणार म्हटल्यावर कुणाला काय वाटणार!

पेट्या आल्या, फोटो निघाले, आणि हिवाळा खरोखरच सोपा गेला. तूर फुलात होती. मग मोहरी, धने, आणि पलीकडच्या गावातल्या संत्र्याच्या बागांना बहर. बाई पहाटे उठून पेट्यांपाशी जायच्या. पेट्यांच्या स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत, तेवढ्याच साध्या कामात त्या रमायच्या. मला एकदा पापणीवर चावा बसला आणि डोळा बंद झाला, तेव्हा बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. मला ठणका लागला होता तरी मी त्यांच्याबरोबर हसले. हळूहळू त्या बोलायला लागल्या. आधी माशांविषयी, मग मालकांविषयी. डंपरमधून उतरून ते घरी यायचे तेव्हा कानातून कोळसा निघायचा, असं सांगताना त्यांचा आवाज साधा होता, रोजच्यासारखा.

नागपुरात एक सरकारी प्रदर्शन भरलं, तिथे आम्हाला एक टेबल मिळालं. धरमपेठेतल्या एक वयस्क बाई आमच्याकडून मध घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन परत आल्या. त्यांनी पत्ता सांगितला, फोन नंबर दिला. म्हणाल्या, “माझ्याकडे मोठी बाग आहे. कधी नागपूरला आलात तर हक्काने घरी या.” मी तो नंबर मोबाइलमध्ये ठेवला.

मार्च संपला आणि सरांचा फोन आला. त्यांचं कंत्राट संपलं होतं, नवीन माणूस अजून नेमला नव्हता. मी गाडीचं विचारलं. ते म्हणाले, “ताई, मी आता तिथे नाही. पण तुम्ही कार्यालयात विचारत राहा.” मी विचारत राहिले. फोन उचलणारं माणूस रोज वेगळं असायचं, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागायचं.

पळसाची फुलं गळून गेली, मोहाचा बहरही संपला. रान असं झालं की लांबवर नुसती सागाची वाळलेली पानं वाजायची. आम्ही साखरेचं पाणी ठेवायला लागलो. आमचा चहा गुळाचा झाला, मग बंदच झाला. पेट्यांवर ओली पोती टाकायची, दुपारभर ती ओली ठेवायची. आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, टँकरवर आमच्या वाट्याला पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, आणि एक बादली. बाई आंघोळीचं पाणी पोत्यांना घालायच्या. तरी सकाळी पेटीच्या दारापुढे मेलेल्या माशांचा थर असायचा. बाई तो केरसुणीने न लोटता हाताने उचलायच्या आणि परसात कण्हेरीच्या बुडाशी टाकायच्या. काही पेट्यांत मेणकिडा शिरला, पोळ्यांवर जाळं धरलं. एक दिवस दोन पेट्या नुसत्या रिकाम्या मिळाल्या. माशा उडून गेल्या होत्या, कुठे ते देव जाणे.

त्यातच गावाशी वाकडं आलं. तहानलेल्या माशा नळाच्या ओट्यावर, लोकांच्या रांजणांवर बसायच्या. एका लेकराच्या ओठाला चावली. त्याची आई त्याला कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. “तुमच्या माशा तुमच्या घरी बांधून ठेवा वं! माह्या पोराचं तोंड पाह्य कसं झालं!” तिचं काही चुकत नव्हतं. मी हळद लावली, हात जोडले. पण पुढच्या हप्त्यात आमच्या गल्लीत लग्न होतं. जिलेबीच्या पाकावर माशा येणार, वऱ्हाडाला चावणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. नवरीच्या काकांनी आमच्या ओसरीवर बसून शांतपणे सांगितलं, “लग्नाच्या आधी पेट्या हलवा, ताई. पोरं म्हणून राहिले का पेटवून देऊ. मी त्यायले किती दिवस रोकू?”

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. त्यांना आता दुसरीकडे कुठेतरी मोबाइलच्या दुकानात काम लागलं होतं, मागे गाणी वाजत होती. तरी त्यांनी बाहेर येऊन नीट ऐकलं. म्हणाले, “नागपूरला न्या. शहरात बंगल्यांच्या बागांना पाणी असतं, उन्हाळ्यातही फुलं असतात. आपल्या प्रशिक्षणाच्या आवारात कडुनिंब आहेत, तिथे ठेवू देतात का बघा. पण ताई, नीट ऐका. संध्याकाळी माशा आत गेल्या की दारं जाळीने बंद करा, उजाडायच्या आत निघा, आणि ऊन चढायच्या आधी दारं उघडलीच पाहिजेत. बंद पेटी उन्हात राहिली तर आतलं मेण वितळतं. मग काही उरत नाही.”

गावातला एक भाजीवाला त्याच्या छोट्या हत्तीतून, म्हणजे छोट्या टेम्पोतून, रोज कॉटन मार्केटला माल नेत असे. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. तो डोकं खाजवत म्हणाला, “माशा सुटल्या तर माही गाडी नाल्यात जाईन ना वं!” मग बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, “ठीक हाये. पण पहिले भाजी उतरवीन, मंग तुमचं.”

जिवंत पेट्या पाच उरल्या होत्या. दिवेलागणीला आम्ही दारं बंद केली. जाळी दोनच पेट्यांना पुरली, बाकीच्यांना जुन्या मच्छरदाणीचे तुकडे घड्या घालून बांधले. सकाळी अंधुक उजेडात पेट्या वांग्यांच्या आणि भेंडीच्या पोत्यांमागे चढवल्या. बाई पुढे बसायला तयार होईनात. मागे पेट्यांपाशी बसल्या, मांडीवर पाण्याचा डबा घेऊन. मीही मग मागेच चढले.

मार्केटमध्ये गर्दीत गाडी अडकली. भाजी उतरून आम्ही मोकळे होईपर्यंत ऊन पडलं होतं. बाई पोत्यांवर पाणी शिंपडत होत्या आणि पेटीला कान लावत होत्या. “ओरडून राहिल्या,” त्या म्हणाल्या. मलाही ऐकू येत होतं. घरी पेटीतून यायची ती बारीक गुणगुण नव्हती, आत खूप माणसं एकदम बोलत असावीत तसा आवाज होता.

आवाराच्या फाटकावर चौकीदाराने आम्हाला ओळखलं नाही, पण पेट्या ओळखल्या. त्याने आत कळवलं. एक मॅडम बाहेर आल्या, आमच्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, “ताई, साहेब मीटिंगला मुंबईला गेलेत. आणि आत आता शिवणकामाच्या मुलींचा वर्ग चालू आहे. उद्या एखादीला माशी चावली तर जबाबदार कोण? पेट्या आता तुमच्या मालकीच्या आहेत. इथे ठेवून घ्यायचा मला अधिकार नाही.”

“नुसत्या झाडाखाली ठेवतो मॅडम. आमी बी इथंच बसतो,” मी म्हटलं. फाटकातून ती झाडं दिसत होती. त्यांच्याखाली गार, गडद सावली होती.

त्यांनी साहेबांना फोन लावून बघितला. उचलला गेला नाही. “तुम्ही सोमवारी या,” त्या म्हणाल्या.

बाई गाडीतून वाकून म्हणाल्या, “मॅडम, सोमवारपर्यंत ह्या कुठं राह्यतीन?”

मॅडम आत निघून गेल्या. चौकीदाराने आमचा डबा नळावर भरून दिला आणि भाऊने गाडी वळवली.

मी धरमपेठेतल्या त्या वयस्क बाईंना फोन केला. त्यांना आमची आठवण होती, “या, या” म्हणाल्या. घराशी पोचलो तेव्हा मला वाटलं सुटलो. कुंपणावर बोगनवेल फुलली होती, मोगऱ्याची रोपं नुकतीच पाणी घातल्यासारखी ओली होती, कोपऱ्यात लिंबाचं झाड. पण त्यांना वाटलं होतं आम्ही मध घेऊन आलोय. पेट्या पाहून त्यांचा चेहरा बदलला. तरी त्यांनी एकदम नाही म्हटलं नाही. एका पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, बागेकडे बघत. “मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी…” असं काहीतरी त्या म्हणत होत्या, तेवढ्यात त्यांचा मुलगा बाहेर आला. त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन ते नुकते घरी आले होते, खिडकीशीच त्यांचा पलंग होता. मुलगा उद्धटपणे बोलला नाही. “आई, बाबांना एक माशी जरी चावली ना,” एवढंच म्हणाला. त्या बाईंनी मान खाली घातली. मग आत जाऊन फ्रिजमधला सगळा बर्फ एका टॉवेलात घेऊन आल्या आणि स्वतःच्या हाताने तो पेट्यांवर पसरला. आम्हाला सरबत दिलं.

बर्फ थोडाच वेळ टिकला. डांबराचा रस्ता वाफा टाकत होता. गाडीच्या लोखंडाला हात लागत नव्हता. आम्ही एका मोठ्या बागेच्या फाटकावर थांबलो, तिथल्या माणसाने लांबूनच हात हलवला. एका रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली पाण्याचे फवारे चालू होते. तिथला मालक म्हणाला, “गिऱ्हाईक येनार नाई ना ताई माह्याकडं.” भाऊ गाडी चालवत होता. तो वैतागून आम्हाला कुठेतरी उतरवून देईल अशी मला भीती वाटत होती, पण तो प्रत्येक ठिकाणी खाली उतरून माझ्याआधी बोलायचा.

रामदासपेठेत एका मोठ्या दवाखान्याच्या भिंतीलगत जुनं झाड आहे, त्याची सावली रस्त्यावर येते. भाऊ म्हणाला तिथे गाडी लावू, श्वास घेऊ, मग ठरवू. गाडी थांबली तेव्हा बाईंनी मला बोलावलं. एका पेटीच्या खालच्या फटीतून काहीतरी गळत होतं. मध होता, पण पातळ, आणि त्यात मेणाचे पिवळे थेंब. बाईंनी पेटीला कान लावला. मग दुसरीला. “लहाने, आवाज नाही येऊन राहिला,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्या मालकांना तिरडीवर ठेवलं तेव्हाचा दिवस डोळ्यांपुढे आला.

मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी तिसऱ्या पेटीची मच्छरदाणी ओढून काढली.

माशा भसकन बाहेर आल्या. आधी गाडीवर, मग झाडाकडे, मग सगळीकडे. दवाखान्याच्या औषधाच्या दुकानापुढे पेशंटांच्या नातेवाईकांची रांग होती, ती ओरडत पांगली. पलीकडे रसवंती होती. उसाच्या रसाचा वास त्या उपाशी जीवांना लागला असणार, माशा तिकडे वळल्या. रसवंतीवाला शिव्या देत फडकं फिरवायला लागला. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं अग्निशमनला. बाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी चौथी पेटी उघडली. मग दवाखान्याच्या आतून एका गार्डने बागेचा पाइप ओढत आणला आणि पाण्याचा जोर माशांवर सोडला.

मी त्याचा हात धरला. “नका मारू दादा, नका!” तो म्हणाला, “ताई, आत पेशंट आहेत.” तो खरंच घाबरलेला होता. त्याच्या मानेला दोन ठिकाणी चावलं होतं.

रस्त्यावर पाण्याचं तळं झालं आणि त्यात माशा. बाई त्यात गुडघे टेकून बसल्या आणि ओल्या माशा चिमटीने उचलून पदरात घेऊ लागल्या. माशा त्यांना चावत होत्या, हातांना, गळ्याला. त्या एकदाही ‘आई गं’ म्हणाल्या नाहीत. “थांबा मायहो, थांबा, सुकवतो तुमाले,” असं काहीसं त्या पुटपुटत होत्या. रसवंतीवाल्याने मशीन बंद केलं, घागरीवर कापड टाकलं आणि तो मोबाइल काढून उभ्या असलेल्या लोकांवर ओरडायला लागला, “काय शूटिंग करून राहिले रे? हटा!” भाऊने आणि मी मिळून बाईंना उचललं. त्यांचा पदर मी गच्च धरला होता. त्यातल्या माशा हलत नव्हत्या.

वर झाडाच्या एका फांदीवर माशांचा घोस लटकला होता, दोन मुठींएवढा. एवढ्यांनी जीव वाचवला होता. बाई हट्टाला पेटल्या, त्यांना घेतल्याशिवाय यायचं नाही. पण फांदी भिंतीच्या आत होती आणि गार्ड आम्हाला आत सोडेना. भाऊ म्हणाला, “बाई, सकाळी मी येतोच ना भाजी घेऊन. मी पाह्यतो.” तेव्हा त्या गाडीत बसल्या.

उमरेड रोडला लागल्यावर एका नाल्यापाशी भाऊने गाडी थांबवली आणि आम्ही न उघडलेल्या तिन्ही पेट्या उघडल्या. चौकटींतली पोळी खाली कोसळून एकमेकांत मिसळली होती. मेण, मध, पांढऱ्या अळ्या आणि माशा यांचा एकच गोळा. राणी कुठली, कामकरी कुठली, काही कळत नव्हतं. वास मात्र तसाच गोड होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ भाजी उतरवून मुद्दाम रामदासपेठेत गेला. परत येऊन आमच्या दारात उभा राहिला आणि माझ्याशीच बोलला, हळू आवाजात. फांदी काळी पडली होती, खाली जळकी पोती पडली होती. बाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. त्यांचे हात सुजून दुप्पट झाले होते आणि त्या भाकरी थापायचा प्रयत्न करत होत्या.

लग्न गल्लीत थाटात झालं. आम्हाला बोलावणं होतं. मी गेले, जेवून आले, बाईंसाठी ताट आणलं. त्यांनी झाकून ठेवलं.

पावसाळा सरताना कार्यालयातून नवीन माणूस आला. चांगला होता, अंगणात उकिडवा बसून त्याने सगळं विचारलं. रिकाम्या पेट्या परसात एकावर एक रचलेल्या होत्या, त्यांचा त्याने फोटो काढला. “पेट्या शाबूत आहेत, हे चांगलं आहे,” तो म्हणाला. “माशा परत मिळू शकतात. हिवाळ्यात पुन्हा सुरू करू.” मी विचारलं, “आणि उन्हाळ्यात गाडी?” तो म्हणाला, “त्याचा प्रस्ताव पाठवलाय वरती.”

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. आमच्या हाताला दुसरं काम नव्हतं, नवऱ्याचा फोन लागत नव्हता, आणि तो माणूस समोर बसून काम देतो म्हणत होता. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

तो गेल्यावर संध्याकाळी मी सोसायटीतून रेशन आणायला गेले. परतले तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच वास यायला लागला, मेणाचा आणि जळक्या मधाचा. बाईंनी कुऱ्हाडीने पेट्या फोडल्या होत्या आणि चुलीत घालत होत्या. एक एक फळी, न घाई करता. चुलीवर काहीच ठेवलेलं नव्हतं. मी ओरडले, “बाई, काय करून राहिल्या तुमी? काहून जाळता?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, “आता नको वं लहाने. माह्याच्यानं नाही होत.”

मी उरलेल्या पेट्या वाचवू शकले असते. त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेणं अवघड नव्हतं. पण मी त्यांच्या शेजारी बसले आणि खिळे निघालेल्या फळ्या त्यांच्याकडे सरकवत गेले. त्यानंतर बाईंनी काही दिवस बोलल्यासारखं केलं आणि मग पूर्वीसारख्याच गप्प झाल्या. या वेळी ‘हो’ आणि ‘नाही’ पण बंद झालं.

दिवाळीनंतर मी त्यांना घेऊन नागपूरला आले. मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. आम्ही मागच्या एका खोलीत राहतो, पत्रा आहे, उन्हाळ्यात भट्टी होते. पहिल्यांदा मेसच्या मालकीणबाईंनी दोघींना घेतलं होतं. बाई पीठ मळायच्या, मी लाटायची. मग त्या मध्येच हात थांबवून बसू लागल्या. परातीत पीठ वाळून जायचं. मालकीणबाई समजूतदार आहेत, पण मेस त्यांनाही चालवायची आहे. आता फक्त मीच कामावर आहे.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मन हलकं करायच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, “यांना कशात रस आहे? कशात मन रमतं यांचं?” मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. मागे रांग होती. त्यांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

नवऱ्याचा एकदा फोन आला होता. म्हणाला, गावाकडे शेळ्यांची नवी योजना आली आहे म्हणतात, विचार कर. मी म्हटलं, बघते. रोज दुपारी काम आटोपून खोलीवर येते तेव्हा बाई भिंतीला टेकून बसलेल्या असतात, सकाळी ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं. मी घास करून त्यांच्या तोंडाशी नेते. कधी त्या तोंड उघडतात, कधी नाही. उद्या जर त्यांनी मुळीच उघडलं नाही तर कुणाकडे जाऊन काय मागायचं, हे मला माहीत नाही.